दुसऱ्या पट्टीवरची हळद

बारामतीच्या स्टँडवर हिंदुराव इंदापूरच्या एसटीत चढला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मांडीवर रेक्झिनची बॅग, बॅगेत दोन स्क्रू ड्रायव्हर, मऊ केसांचा ब्रश आणि शाळकरी पोरांच्या कंपासपेटीत असतं तसलं एक खोडरबर. सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्या भागात कॉम्प्युटरचा डबा उघडून परत धड बंद करणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याएवढी होती. त्यातलं एक बोट आपलं आहे हे हिंदुराव कधी विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. घरचा ऊस होता, थोरला भाऊ शेती बघत होता, आणि यानं पुण्याला राहून डिप्लोमा केला होता. फक्त येताना कागदाबरोबर थोडा तोराही घेऊन आला होता. अडाणी माणसानं यंत्राला हात लावला की त्याचं डोकं फिरायचं. मग समोर कोण आहे, आपण काय बोलतोय, याची शुद्ध राहायची नाही.

भवानीनगर मागं पडलं, आणि पुढच्या एका फाट्यावर तो उतरला. कालव्याच्या भरावावरून बरंच चालत गेल्यावर पाणीवाटप संस्थेचं ऑफिस लागलं. दोन खोल्या, वर पत्रा, गावापासून लांब. एका अंगाला कालवा आणि बाकी तिन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा पडलेला असला तरी ऊस आतल्या आत कुजबुजत राहतो. ऐकायची सवय असली तर त्याचं काही वाटत नाही.

कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, ती पाळीची यादी या संस्थेत पूर्वी हातानं व्हायची आणि दर खेपेला डोकी फुटायची. म्हणून कॉम्प्युटर घेतला. पुढं यादीचा नवा प्रोग्रॅम आला, त्याला मेमरी जास्त लागायला लागली. तेव्हा हिंदुरावानंच भाद्रपदात येऊन मेमरीच्या आठ एमबीच्या जुन्या पट्टीशेजारी आठचीच दुसरी पट्टी बसवून दिली होती. आठ आणि आठ सोळा. काही दिवस मशीन बिनबोभाट चाललं.

"दसऱ्यापासनं बिनसलंय बगा," सेक्रेटरी दत्तोबा म्हणाले. पन्नाशी ओलांडलेला, गळ्यात मफलर गुंडाळलेला हा माणूस. सगळे त्यांना तात्या म्हणत. "सोळा बसवलंत, पर त्ये आठच मोजतंय. यादी निम्म्यावर आली का आडतंय. परवा कालव्याला पानी सुटनार. यादी न्हाय निगाली तर लोक मला कालव्यात सोडतील."

खिडकीशी एक बाई फडक्यानं गज पुसत होती. तिशीच्या आतली, कपाळ मोकळं, हात मोकळे. ही सारजा. ऑफिसची झाडलोट आणि पाणी भरणं आधी तिची सासू प्रयागबाई करायची. प्रयागबाई श्रावणात वारली आणि झाडू सुनेच्या हातात आला. सारजाचा नवरा उसाच्या ट्रॉलीखाली सापडून कधीचाच गेला होता. घरात म्हातारा सासरा आणि शाळेत जाणारी एक पोर. त्या घराची चूल या झाडूवर पेटत होती.

हिंदुरावानं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर चढायला लागले. मशीन आपल्याकडं मेमरी किती आहे ते सुरू होताना मोजून घेतं, तेच ते आकडे. चढत चढत ते आठापर्यंत आले आणि थांबले. जिना चढताना म्हातारं माणूस मधल्या पायरीवर दम खायला बसतं, तसे थांबले.

त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि पहिल्यांदा वास आला. ओल्या हळदीचा.

आत वाकून पाहिलं. जुनी पट्टी स्वच्छ होती. दुसऱ्या पट्टीवर, खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांच्या जरा वर, हळदीचं बोट ओढलेलं होतं आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. सांडलेलं नाही, उडालेलं नाही. सवाष्ण बाईनं मन लावून उंबऱ्याला लावावं तसं लावलेलं. हळद ओघळून दातांत उतरली होती. पट्टी मशीनला दिसेनाशी व्हायला तेवढं पुरे होतं.

हिंदुराव हसला. "तात्या, तुमच्या मशीनला हळद लागलीय. लग्न कधी?" मग त्याचं हसू मावळलं. "कुणी केला हा उद्योग?"

तात्यांची नजर आपोआप खिडकीकडं गेली.

"म्या न्हाय," सारजा म्हणाली.

"मग बोटं कशानं पिवळी झाली?"

तिनं हात पदराखाली घेतले. पण बघायचं ते दोघांनीही बघितलं होतं.

"सायेब, रोज सकाळी दार उगडलं का ह्या टेबलावर हळद पडलेली आसती. चिमूटभर. मी पुसून काडते. आज बी पुसली. कुटनं येती ते मला ठावं न्हाय."

"रोज हळद पडते आणि तात्यांना एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"वाटलं, बोलले तर माज्यावरच यील."

"खाई त्याला खवखवे," हिंदुराव तात्यांना म्हणाला.

सारजा एक पाऊल पुढं आली. तिचा आवाज खाली गेला. "औंदा आत्याबाई गेल्या. आमच्या घरात सण न्हाय. आन् मी ही आशी, कपाळ पुसलेली. कुकवाचा करंडा बी घरात ऱ्हायला न्हाय. मी कुकवाला कशाला हात लावू, सायेब?"

इथं कुणीही थांबला असता. बाईला आपल्या तोंडानं हे सांगावं लागणं हीच शिक्षा होती. पण डिप्लोमावाल्याचं डोकं फिरलं होतं.

"घरी लावता येत नाही, म्हणून इथं चोरून लावत असशील," तो म्हणाला. "हौस फिटली नसेल."

तात्या मान खाली घालून मफलर चाचपायला लागले. सारजाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बोललेलं आपल्याच कानांनी ऐकून हिंदुरावाला चटका बसला, पण शब्द गिळून टाकायला ते काय पाणी होतं? तो बॅगेत उगाच काहीतरी शोधत राहिला.

"सारजे," तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापासनं येऊ नगंस."

तिनं फडकं घडी करून खिडकीत ठेवलं. झाडू कोपऱ्यात उभा केला, ऑफिसची किल्ली टेबलाच्या कडेला ठेवली, आणि भरावावरून निघून गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं, असं हिंदुरावाला वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

त्यानं पट्टी काढली, ब्रश फिरवला, खोडरबरानं दात घासून लखलखीत केले आणि पट्टी खाचेत खटकन बसवली. झाकण लावून चारही स्क्रू आवळले. आकडे चढले, आठाला ओलांडून गेले आणि सोळावर जाऊन उभे राहिले.

"झालं का नाही?"

"झालं बगा," तात्या म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. "मी पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याला गाठून येतो. तवर यादी छापून ठिवा." आणि सायकल घेऊन ते गेले.

दिवस बुडत आला होता. हिंदुरावानं बाहेरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, कारण उसातून डासांचे थवे यायला लागले होते. प्रिंटर करकरत एकेक ओळ छापत होता. कालव्यात पाणी नव्हतं, नुसता चिखल होता, आणि त्याचा कुबट वास खिडकीतून येत होता. उजेड पिवळा झाला, मग करडा. मशीनसमोर बसलेल्या हिंदुरावाच्या डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. हौस फिटली नसेल.

यादी निम्म्यावर आली आणि लाईट गेली.

प्रिंटर थांबला, पंखा थांबला. काळोखात तो तसाच बसून राहिला. लाईट काय, जाते आणि येते. मग त्याच्या लक्षात आलं की ऊसही थांबलाय. इतका वेळ चाललेली कुजबुज एकदम बंद झाली होती.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी झाडत होतं.

खर्र... खर्र... सावकाश, अंगवळणी पडलेल्या हातानं, कोपऱ्याकडून दाराकडं.

सारजा परत आली असेल, असं त्याला वाटलं. बरं झालं, असंही वाटलं. "सारजाबाई?" त्यानं हाक मारली. "जरा आत या... मला बोलायचंय."

झाडू थांबला. पावलं आतल्या दाराशी आली. आणि काकणं वाजली. काचेची, हातभर.

सारजाच्या हातात काकण नव्हतं. ते आठवलं तसा हिंदुराव खुर्ची मागं सारून उठला.

"कोण... कोण आहे?"

ओल्या हळदीचा वास आला, मघापेक्षा दाट. तो वास त्याच्या अंगावरून पुढं सरकला आणि टेबलाशी थांबला. मशीनच्या पत्र्यावर हात फिरवल्यासारखा आवाज झाला, थकल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"ऱ्हाऊ द्या की..." म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, फार मायेचा. "दमलं आसंल त्ये... आजच्या दिस ऱ्हाऊ द्या..."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. लाईट आली. खोलीत कुणी नव्हतं. तो भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत गेला. दाराला आतली कडी तशीच होती. झाडू कोपऱ्यात होता आणि जमीन लख्ख झाडलेली होती.

आत मशीन आपोआप सुरू झालं होतं. आकडे चढत होते. आठाशी येऊन ते थांबले.

स्क्रू त्यानं स्वतः आवळले होते, तसेच घट्ट होते. ते काढताना ड्रायव्हर दोनदा निसटला. झाकण उचललं. दुसऱ्या पट्टीवर हळदीचं बोट होतं, वर कुंकू. हळद इतकी ओली होती की खालच्या कडेला थेंब लोंबत होता.

तेव्हा त्याला आजोबा आठवले. खंडेनवमीला आजोबा नांगर, कोयते, विहिरीवरचं इंजिन, सगळं धुऊनपुसून ठेवायचे. आजी हळदकुंकू लावायची. आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत त्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. ऊस वाळला तरी इंजिन चालू करायचं नाही. राबणाऱ्याचा विसावा तो, मोडायचा नसतो. हिंदुराव हे लहानपणापासून जाणत होता. पुण्याला गेल्यावर विसरला होता, एवढंच. ही हळद घाण म्हणून कुणी आत टाकली नव्हती. दसरा उलटला तरी कुणीतरी मशीनच्या निम्म्या अंगाला विसाव्याला बसवलं होतं.

आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. ती हळदीपेक्षा वाईट होती. सारजा खरं बोलत होती.

दारावर थाप पडली तेव्हा तो ओरडलाच. तात्या होते, हातात बॅटरी.

"झाली का यादी?"

हीच वेळ होती. तात्या, त्या बाईनं काही केलेलं नाही, तिला परत बोलवा. एवढंच म्हणायचं होतं. पण मग तात्या विचारणार, तर कुणी केलं? आणि बारामतीचा हार्डवेअर इंजिनीअर काय सांगणार, तुमच्या ऑफिसात मेलेली म्हातारी येते? उद्या भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत लोक पोट धरून हसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"पट्टीच खराब निघाली," तो म्हणाला. "उद्या नवी आणतो." हळदीची पट्टी त्यानं फडक्यात गुंडाळून बॅगेत टाकली.

तात्यांनी बॅटरीचा झोत जमिनीवर फिरवला. "प्रयागबाई व्हती तवर खंडेनवमीला हितली एक वस्तू सोडायची न्हाय. कपाट, टाइपरायटर, पान्याची मोटार, समद्याला हळदकुकू. त्येच वळन सुनंला लागलं आसंल. गरीब हाय पोर... पर काय करनार? काडली ते बरंच झालं, न्हाय का?"

हिंदुराव गप्प राहिला. त्या गप्प बसण्याची लाज त्याला कालव्यापासून फाट्यापर्यंत पुरली, एसटीत पुरली, आणि घरी जेवणाच्या ताटावरही पुरली. वहिनीनं विचारलं, जेवत का नाही? तर भाजीत हळद जास्त झालीय म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पट्टी घेऊन तो निघाला. रात्रभर त्यानं एक वाक्य तयार केलं होतं. सारजाबाई, चूक माझी होती, मी तात्यांना सगळं सांगतो. एसटीत कंडक्टरला फाट्याचं नाव सांगितलं, शेजारच्या म्हाताऱ्याशी उसाच्या तोडीबद्दल चार शब्द बोलला, आणि मनात तेच वाक्य घोळवत राहिला. लोक हसले तर हसोत. फाट्यावर उतरून तो आधी ऑफिसला गेला नाही. विचारत विचारत सारजाच्या वस्तीवर गेला.

त्या घरची मेंढरं कधीच विकली गेली होती, पण अंगणाला अजून काटेरी फांद्यांचं कुंपण होतं. तिचा सासरा म्हस्कू उन्हात घोंगडी टाकून बसला होता. पोर शाळेला गेली होती. सारजानं तांब्या आणून पुढं ठेवला. तिचे डोळे सुजलेले होते.

"सारजाबाई," हिंदुरावानं सुरुवात केली.

"सायेब, आदी माजं ऐका." तिनं हात जोडले. "म्याच लावली हळद."

हिंदुरावानं उचलायला घेतलेला तांब्या परत खाली ठेवला.

"रोज लावायची. चोरून. हौस फिटली न्हवती, तुमी म्हनला तसं." एकेक शब्द ती दगड उचलून ठेवावा तशी ठेवत होती. "चुकलं माजं. पुन्यांदा न्हाय करनार. तात्यास्नी तेवडं सांगा, सायेब. मला कामावर घ्या म्हनावं."

घोंगडीवर म्हस्कूनं तोंड फिरवलं.

आता सांगतो ते हिंदुरावाच्या लाजेतलं सगळ्यात खालचं. ते ऐकून त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरचा धोंडा उतरावा तसं. बाई आपल्या तोंडानं कबूल झाली. आता म्हातारीचं नाव काढायला नको, काळोखातलं कुणाला सांगायला नको. सारजाला तिचं काम मिळेल, आपल्याला आपला मान राहील, आणि वर चार माणसांत आपण मोठ्या मनाचे ठरू. रात्रभर घोळवलेलं वाक्य मुकाट्यानं बाजूला सरलं आणि त्या जागी दुसरं आलं. बरं, पुन्हा असं करू नका, मी सांगतो तात्यांना.

ते बोलायला त्यानं तोंड उघडलं.

जीभ हलली नाही. दुखली नाही, जड झाली नाही. नुसती पडून राहिली, खळ्यावर राबून कुणी आडवं व्हावं तशी. त्यानं जोर केला. घशातून वारा आला, शब्द आला नाही. आणि तोंडभर ओल्या हळदीची कडवट चव पसरली.

सारजा त्याच्या उघड्या तोंडाकडं बघत होती. आत तिला काय दिसलं ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, दोन पावलं मागं सरली आणि वाकून भुईला हात लावला. सून वडीलधाऱ्या बाईपुढं वाकते तशी.

"आत्याबाई..." ती हलक्या आवाजात म्हणाली. "बोलू द्या की त्यास्नी... त्ये खरं सांगायलाच आल्यात..."

हिंदुरावाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो जागचा हलला नाही. तो काय बोलणार होता हे सारजाला माहीत नव्हतं.

म्हस्कूनं मान वळवली. आधी त्यानं हिंदुरावाकडं बघितलं, आणि मग त्याच्या खांद्याच्या जरा मागं. बराच वेळ बघितलं. मग तो घोंगडीवर एका कडेला सरकला आणि हातानं उरलेली जागा साफ केली.

"बसा," तो म्हणाला. "दोगंबी बसा."